काठी उंचावली तेव्हा : पिनोशे, लंडनचा वैद्यकीय अहवाल आणि ‘सोंग’ हा शब्द

३ मार्च २०००. चिलीची राजधानी सांतियागो. विमानतळावर हवाई दलाचं विमान येऊन थांबलंय, लष्करी बँड वाजतोय, गणवेशातले अधिकारी स्वागताला उभे आहेत. विमानातून चाकांची खुर्ची खाली उतरवली जाते. खुर्चीत ८४ वर्षांचा माणूस. खुर्ची जमिनीवर येते आणि तो उठून उभा राहतो. समोर आलेल्या लष्करप्रमुखाला, जनरल इसुरिएता यांना, मिठी मारतो. मग काठी टेकत चालायला लागतो आणि जमलेल्या समर्थकांकडे बघून तीच काठी उंचावतो.

हा माणूस म्हणजे ऑगुस्तो पिनोशे. आदल्याच दिवशी ब्रिटनने त्याला सोडून दिलं होतं, कारण त्याची प्रकृती खटला चालवण्याजोगी राहिलेली नाही असं ठरलं होतं.

मी भाषांतर शिकवते. वर्गात हे चित्रण लावते, काठी हवेत गेली की थांबवते आणि मुलांना सांगते, या चित्राखाली छापायची एक ओळ लिहा. आधी इंग्रजीत, मग मराठीत. बहुतेकांची मराठी ओळ ठरलेली असते : ‘आजारपणाचं सोंग उघडं पडलं.’ इंग्रजीत कुणी ‘फेन’ लिहितं, कुणी ‘फेक’, जरा जास्त वाचन असलेलं कुणी ‘मॅलिंगर’. ओळ झणझणीत आहे आणि पहिल्यांदा मलाही तीच सुचली होती. पण ती खरी आहे का? पुढचे दोन तास आम्ही तेवढंच तपासतो. तोच तपास इथे मांडतेय.

प्रकरण काय होतं

११ सप्टेंबर १९७३ ला चिलीच्या लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं. पिनोशे लष्करप्रमुख होता. त्यानंतर १९९० पर्यंत त्याची हुकूमशाही चालली. तीन हजारांहून जास्त माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि ज्यांचा छळ झाला त्यांचा आकडा त्याहून कितीतरी मोठा. सत्ता गेल्यावरही १९९८ पर्यंत लष्करप्रमुखपद त्याच्याकडेच होतं, आणि ते सोडल्यावर तो तहहयात सिनेटर झाला. अशा माणसाला हात लावायची चिलीत कुणाची टाप नव्हती.

१९९८ च्या ऑक्टोबरमध्ये तो पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी लंडनला गेला. १६ ऑक्टोबरच्या रात्री तिथल्या एका खासगी रुग्णालयात ब्रिटिश पोलिसांनी त्याला अटक केली. वॉरंट होतं स्पेनचे न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांचं. पुढे दीड वर्ष कायद्याची लढाई चालली. मार्च १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे त्या काळच्या ब्रिटनमधल्या सर्वोच्च, न्यायपीठाने निकाल दिला की, छळाच्या गुन्ह्यात माजी राष्ट्रप्रमुखालाही संरक्षण नाही. ऑक्टोबरमध्ये दंडाधिकाऱ्यांनी त्याला स्पेनच्या ताब्यात द्यायला हरकत नाही असं सांगितलं. दार जवळजवळ बंद झालं होतं.

तेवढ्यात तब्येतीचा विषय पुढे आला. त्या शरद ऋतूत त्याला मेंदूचे छोटे झटके येऊन गेल्याचं सांगण्यात आलं. चिलीच्या सरकारने ब्रिटनकडे प्रकृतीच्या कारणावरून सुटकेची मागणी केली. गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी डॉक्टरांचं एक पथक नेमलं आणि ५ जानेवारी २००० ला लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात पिनोशेची तपासणी झाली. अहवाल एकमुखी होता : हा माणूस खटल्याला उभा राहण्याच्या अवस्थेत नाही आणि ही अवस्था सुधारण्याची आशा नाही. अहवाल दाखवायचा की गुप्त ठेवायचा यावरही कोर्टबाजी झाली. फेब्रुवारीत तो पिनोशेचा ताबा मागणाऱ्या चार देशांना द्यावा लागला आणि दुसऱ्याच दिवशी स्पॅनिश वर्तमानपत्रांत छापून आला. २ मार्चला सुटका झाली. अटकेला ५०३ दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी ती खुर्ची.

नसलेलं उभं करणारे शब्द

इंग्रजीत या कामासाठी शब्दांची कमी नाही, पण सगळे एका जातीचे नाहीत. एक जात आहे नसलेलं उभं करणाऱ्यांची. ‘फेन’ हा त्यातला मूळपुरुष. त्याचं लॅटिन मूळ ‘फिंगेरे’, म्हणजे घडवणं, मातीला आकार देणं. ‘फिक्शन’ त्याच घरातला. म्हणजे ‘फेन’ म्हटलं की तुम्ही म्हणता, हा आजार कुंभाराने मडकं घडवावं तसा घडवलेला आहे. आपलं ‘सोंग’ याच्या अगदी शेजारी बसतं. सोंगाड्या, बहुरूपी, भारुडातली सोंगं, सगळीकडे माणूस जे नाही ते अंगावर घेतो. पोलिसांच्या बातम्यांतला ‘बतावणी’ही इथलाच.

‘मॅलिंगर’ छावणीतून आलेला आहे. फ्रेंचमधल्या आजारी, किरकोळ प्रकृतीच्या माणसासाठीच्या शब्दावरून अठराव्या शतकाच्या शेवटी तो इंग्रजीत शिरला, आणि लष्करात कामचुकार ‘आजाऱ्या’ला चिकटला. आज वैद्यकात त्याची व्याख्या काटेकोर आहे. लक्षणं खोटी हवीत किंवा भरमसाट फुगवलेली हवीत, हे मुद्दाम केलेलं हवं, आणि त्यामागे बाहेरचा फायदा हवा : कामातून सुटका, पैसा, शिक्षेतून सूट. बाहेरचा फायदा काहीच नसताना माणूस स्वतःला आजारी दाखवत राहिला, तर तो वेगळा प्रश्न. रिचर्ड ॲशर या डॉक्टरांनी १९५१ मध्ये त्याला थापांसाठी प्रसिद्ध असलेल्या बॅरन मुंचाउझेनचं नाव दिलं. म्हणजे ‘मॅलिंगर’ लिहिणाऱ्याने हेतू सिद्ध करायची जबाबदारी अंगावर घेतलेली असते. वर्गात हे ऐकल्यावर दोन-तीन पेनं लगेच खोडायला लागतात.

खलाशांच्या बोलीतला ‘शॅम अब्रॅम’ मला विशेष आवडतो. लंडनच्या बेडलॅम वेड्यांच्या इस्पितळात अब्राहम नावाचा कक्ष होता. तिथून सुटलो म्हणून वेडाचं सोंग घेऊन भीक मागणाऱ्यांना ‘अब्रॅम मॅन’ म्हणत. पुढे जहाजावर आजाराचं निमित्त करून काम टाळणारा ‘अब्रॅम’ करू लागला. इथे आपल्या बहुरूप्याची आठवण येतेच, फक्त आपला बहुरूपी आपण सोंग घेतलंय हे लपवत नाही. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांचं ‘स्विंगिंग द लेड’ही याच रांगेतलं.

आणि मग ‘प्लेइंग पॉसम’. अमेरिकेतला ओपॉसम हा प्राणी संकट आलं की निपचित पडतो, तोंड उघडं, अंगाला दुर्गंधी. शिकारी कुत्रं तो मेलाय असं समजून निघून जातं. म्हणून मेल्याचं किंवा झोपल्याचं सोंग म्हणजे पॉसम. गंमत म्हणजे तो प्राणी सोंग घेतच नाही. भीतीने त्याच्या शरीराचीच ती अवस्था होते, आणि मनात आलं म्हणून त्याला उठता येत नाही. इंग्रजीने ज्या प्राण्याला ढोंगीपणाची उपमा केली तो निर्दोष आहे. हे मी वर्गात सांगते, कारण पिनोशेच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न आहे : घेतलेलं आणि आलेलं, यांतलं काय?

अहवाल काय म्हणत होता, ते इथे नीट वाचायला हवं. ज्या आधारावर सुटका झाली तो आधार पाय नव्हते. आधार होता मेंदू. जवळच्या आणि जुन्या घटना आठवत नाहीत, गुंतागुंतीची वाक्यं समजायला अवघड जातात, मनातलं नीट मांडता येत नाही, त्यामुळे वकिलाला सूचना देणं आणि खटला समजून घेणं जमणार नाही, असा तो अहवाल होता. ही लक्षणं मुद्दाम वाढवून दाखवली जात आहेत का, हेही तपासणाऱ्यांनी पाहिलं होतं आणि तसा पुरावा त्यांना सापडला नव्हता.

मग खुर्चीतून उठण्याने काय सिद्ध झालं? पाय चालतात, एवढंच. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेली माणसं आपण सगळ्यांनी घरात पाहिलेली आहेत. दारात पाहुणा आला की आजोबा उठून नमस्कार करतात, जुन्या सहकाऱ्याला मिठी मारतात, चहा घ्या म्हणतात, आणि तो गेल्यावर विचारतात, कोण होता रे तो? बँड, गणवेश, सलाम हे त्या माणसाच्या अंगात साठ वर्षं मुरलेलं होतं.

इथे वर्गात कुणीतरी चिडतंच. ‘मॅडम, तुम्ही त्याची बाजू घेताय.’ नाही. मी शब्दाची बाजू घेतेय, आणि त्याला कारण आहे. ‘सोंग’ आणि ‘नाटकं’ हे शब्द आपल्याकडे हुकूमशहांसाठी क्वचित वापरले जातात. ते रोज वापरले जातात घरातल्या सुनेसाठी, पाळीच्या दिवसांत पोट धरून बसलेल्या मुलीसाठी, पाठ धरलेल्या मोलकरणीसाठी. माझ्या नात्यातल्या एका बाईंना पाठदुखीबद्दल वर्षभर ‘नाटकं’ ऐकावी लागली. मग मणक्याचा क्षय निघाला. त्या वर्षात त्या भाकरी थापताना एका हाताने ओट्याची कड धरत, आणि कुणी बघतंय असं वाटलं की हात काढून घेत. आपल्या भाषेत ‘दुखणं अंगावर काढणं’ ही जवळजवळ शाबासकी आहे. त्याच भाषेत कण्हणाऱ्यावर सोंगाचा शिक्का मारायला पुरावा लागत नाही. म्हणून हा शब्द मी सहज जाऊ देत नाही, समोर पिनोशे असला तरी.

असलेलं फुगवणारे शब्द

दुसरी जात फुगवणाऱ्यांची. इथे आजार खोटा नसतो, त्याचा आकार खोटा असतो. ब्रिटिश बोलीत ‘मेकिंग अ मील ऑफ इट’ म्हणतात : चिमूटभर धक्क्यावर पंगत उठवणं. फुटबॉलचे समालोचक हा वाक्प्रचार सतत वापरतात. धक्का लागलेला असतो, पण खेळाडू चार कोलांट्या घेऊन पोटरी धरून बसतो आणि एक डोळा पंचांवर ठेवतो. कोल्हापुरात फुटबॉल बघितलेल्या कुणालाही हा गडी ओळखीचा आहे. मराठीत आपण ‘बाऊ करणं’ म्हणतो, ‘राईचा पर्वत’ म्हणतो, पण दोन्हींत पंचांवरचा तो डोळा नाही. बाऊ करणारा माणूस खराच घाबरलेला असू शकतो.

‘लेइंग इट ऑन थिक’ म्हणजे थापी भरभरून गिलावा देणं. ‘सॉब स्टोरी’ म्हणजे आपलं रडगाणं, जसंच्या तसं. आयरिश आणि स्कॉटिश लोकांचं ‘पुअर माउथ’ म्हणजे गरिबीचं तोंड करून बसणं. आपली म्हण सांगते की सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. आयरिश माणसाने उलट बाजू पाहिली : पैसा नसल्याचं सोंग मात्र कुणालाही आणता येतं. ज्यांनी जमीनदाराच्या कारकुनाला तोंड दिलंय त्या शेतकऱ्यांच्या भाषेत असा वाक्प्रचार जन्मावा यात नवल नाही, आणि तिथे तो मला पापही वाटत नाही.

राहिला ‘मिल्किंग इट’. गाय खरी आहे, दूध खरं आहे, पण आचळ सोडायचं नाव नाही. दुखणं खरं, सहानुभूती खरी, आणि तरीही त्यातून जेवढं निघेल तेवढं काढत राहायचं. याला मराठीत एक शब्द आहे, आणि मुलांना तो सुचायला फार वेळ लागतो, कारण ‘सोंग’ आधीच जिभेवर बसलेलं असतं. तो शब्द म्हणजे ‘भांडवल’. दुखण्याचं भांडवल करणं. भांडवल शून्यातून उभं राहत नाही, काहीतरी गाठीशी असावं लागतं. आणि भांडवल गुंतवलं जातं, परतावा बघून.

आता हा शब्द चिलीत नेऊन बघू.

सांतियागोत पुढे काय झालं

चिलीतले न्यायाधीश हुआन गुस्मान पिनोशेच्या मागे आधीपासून लागले होते. त्यांचं सगळं काम एका शब्दावर उभं होतं. १९७८ च्या माफीच्या कायद्याने आधीच्या साडेचार वर्षांतल्या बहुतेक गुन्ह्यांवर पडदा टाकला होता. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये हेलिकॉप्टरने गावोगाव फिरून कैद्यांना मारणाऱ्या लष्करी पथकाचं प्रकरण त्यांच्यासमोर होतं. मारलेल्यांपैकी काहींचे मृतदेह सापडलेच नव्हते. गुस्मान यांनी त्यांच्यासाठी ‘खून’ न लिहिता ‘अपहरण’ लिहिलं. देह सापडत नाही तोवर अपहरण चालूच आहे, आणि चालू असलेल्या गुन्ह्याला जुनी माफी लागू होत नाही. शब्द निवडणं म्हणजे काय, हे दाखवायला माझ्याकडे याहून चांगलं उदाहरण नाही.

ऑगस्ट २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पिनोशेचं खटल्यापासूनचं संरक्षण काढलं. जानेवारी २००१ मध्ये गुस्मान यांनी त्याला नजरकैदेत टाकलं. पुन्हा आजारपण पुढे आलं. जुलै २००१ मध्ये अपील न्यायालयाने स्मृतिभ्रंशाच्या कारणावरून खटला थांबवला आणि वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. त्या निकालानंतर काही दिवसांतच पिनोशेने सिनेटर पदही सोडलं.

आणि नोव्हेंबर २००३ मध्ये मायामीच्या एका स्पॅनिश वाहिनीला त्याने मुलाखत दिली. नीट, सुसंगत बोलला. स्वतःला देवदूत म्हणाला. माफी मागायची तर आपण नव्हे, मार्क्सवाद्यांनी आपली मागावी, असंही म्हणाला.

इथे मात्र मी वर्गाला थांबवते आणि एकच मराठी शब्द फळ्यावर लिहिते : ‘कांगावा’. ज्याने मारलं त्यानेच मला मारलं म्हणून ओरडायचं. इंग्रजीत ‘प्लेइंग द व्हिक्टिम’ म्हणतात, पण त्यात आधी स्वतः मारलेलं असलंच पाहिजे असं नाही. ‘कांगावा’ म्हटलं की आरडाओरडा करणाराच अन्याय करणारा आहे, हे गृहीत असतं. तीस वर्षं आपल्या नाहीशा झालेल्या नवऱ्याचा, मुलाचा काळा-पांढरा फोटो छातीला लावून सांतियागोच्या रस्त्यांवर उभ्या राहणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या फलकावर एवढंच असे : ‘ते कुठे आहेत?’ त्यांच्या देशात हा माणूस कॅमेऱ्यासमोर म्हणतो की माफी माझी मागा. हे वाचताना आजही माझ्या हातातला खडू थांबतो.

ही मुलाखत न्यायालयात गेली. जे पायांनी सिद्ध केलं नव्हतं ते जिभेने केलं. खटल्याला लागणारी क्षमता हीच तर होती : प्रश्न समजणं, आठवणं, उत्तर देणं. मे २००४ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा संरक्षण काढलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात तो निर्णय ९ विरुद्ध ८ मतांनी टिकला. मध्ये जुलैत अमेरिकी सिनेटच्या एका समितीने वॉशिंग्टनच्या बँकेतली त्याची गुप्त खाती उघडकीला आणली. १३ डिसेंबर २००४ ला गुस्मान यांनी त्याला खटल्यासाठी सक्षम ठरवलं आणि नऊ अपहरणं व एका खुनाचा आरोप ठेवला. पाच दिवसांनी त्याला मेंदूचा झटका आला म्हणून रुग्णालयात नेण्यात आलं. तो झटका खोटा होता असं म्हणायला कुणाकडेही आधार नाही. पुढे आणखी आरोपपत्रं, आणखी नजरकैद, आणखी तपासण्या. १० डिसेंबर २००६ ला, ९१ व्या वर्षी, सांतियागोच्या लष्करी रुग्णालयात तो गेला. एकाही गुन्ह्यात दोषी ठरला नाही.

क्रम पाहिला की एक गोष्ट दिसते. न्यायालय जवळ आलं की आजार जवळ येतो, न्यायालय लांब गेलं की काठी हवेत जाते. आजार खरा असूनही हे घडू शकतं. मधुमेह होता, वय होतं, झटके होते. पण कुणापुढे ते दाखवायचं आणि कुणापुढे झाकायचं, हे तो, त्याचे वकील आणि त्याचे पाठीराखे ठरवत होते. आपल्याकडेही पुढाऱ्याला अटक झाली की छातीत कळ येते आणि रुग्णालयाची खोली तयार असते, म्हणून मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्या कळांतली एखादी खरीही असेल. तरी जामीन मिळताच हार-तुऱ्यांची मिरवणूक निघते तेव्हा तिचं भांडवल झालेलं असतं.

म्हणून इंग्रजी ओळीसाठी मी ‘फेन’ काढून टाकते. ‘मॅलिंगर’ही काढते, कारण तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्या उलट लिहून ठेवलंय आणि ते खोडायला माझ्याकडे फक्त एक चित्र आहे. ‘मिल्क्ड’ राहतो. मुलांपैकी काहींना तो मवाळ वाटतो. मला तो जास्त जड वाटतो. सोंग पकडलं गेलं की संपतं, दोन टाळ्या आणि खेळ खलास. भांडवल करणाऱ्याकडे दाखवायला खरा कागद असतो आणि प्रत्येक वेळी तोच कागद चालतो.

गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीने शेवटी जी मराठी ओळ लिहिली ती मी अजून पुसलेली नाही. वहीत उतरवून ठेवलीय :

‘दुखण्याच्या भांडवलावर पिनोशे मायदेशी, ५०३ दिवसांनी खुर्ची रिकामी, ते कुठे आहेत ते अजून कळलेलं नाही.’

ओळ फार लांब आहे, मथळ्यात बसणार नाही. ‘मॅडम, कुठला शब्द कापू?’ तिने विचारलं. आम्ही बराच वेळ बघत बसलो. एकही कापला नाही.